धागे मोजणाऱ्या मुलास

सोलापूर

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. परवा रात्री दारात उभा राहून तू जे सांगितलेस त्याचे उत्तर तेव्हाच द्यायला हवे होते. पण तुझा उतरलेला चेहरा पाहून मी चहाचा कप पुढे केला आणि गप्प बसलो. 1818 मधली आष्टीची लढाई वेश करून मैदानात पुन्हा उभी करणाऱ्या तुमच्या पथकात तू सॅटिनच्या अंगरख्यांवर, चेन लावलेल्या बाराबंद्यांवर आणि इंग्रज दिसावे म्हणून तोंडाला पावडर फासणाऱ्या मुलांवर हरकत घेतलीस, सगळे हसले, ‘प्रेक्षकाला काय कळतंय’ म्हणाले, आणि आता तू मला विचारतोस की यापुढे गप्प राहावे की पथक सोडावे. दोन्ही करू नकोस. अंगावर चढेल त्या प्रत्येक वस्तूला आणि तोंडून निघेल त्या प्रत्येक वाक्याला ‘आधार काय?’ हा एकच प्रश्न विचारत राहा.

प्रेक्षकाला कळत नाही, हे सोलापुरात कोणी म्हणावे याचेच मला नवल वाटते. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्या एखाद्याने पांढऱ्या बाराबंदीचे बंद काढून तिथे चेन शिवून घेतली, तर होम मैदानावरची पहिली म्हातारी त्याला हटकेल. तिला इतिहास शिकलेला असावा लागत नाही. आपल्या माणसाच्या अंगावर काय असते हे ती जन्मभर पाहत आली आहे. तीच म्हातारी तुमच्या लढाईला आली की आंधळी होते, असे तुमच्या पथकाने कशावरून ठरवले?

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या लढाया उभ्या करणाऱ्यांतही तुझ्यासारख्यांना ‘धागे मोजणारे’ म्हणून चिडवतात. मला ही शिवी वाटतच नाही. गिरणी बंद पडेपर्यंत मी पोटासाठी धागेच मोजले; एका इंचात ताण्याचे किती, बाण्याचे किती, हे भिंगातून पाहून सांगायचे आणि कमी भरले की ठाण बाजूला काढायचे, एवढेच माझे काम होते. तेव्हाही मुकादम म्हणायचा की गिऱ्हाईक धागे मोजत नाही.

पण कापडावर थांबू नकोस, कारण कापड हा यातला सोपा भाग आहे. 20 फेब्रुवारी 1818 रोजी आपल्याच जिल्ह्यात, आजच्या मोहोळ तालुक्यातील आष्टीजवळ, जनरल स्मिथच्या फौजेने पेशव्यांना गाठले. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले स्वारांनिशी चालून गेले, स्मिथ जखमी झाला, बापू पडले, पेशवा दुसरा बाजीराव निसटला आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. ही झुंज फार वेळ चालली नाही आणि इंग्रजांची हानी अगदी थोडी झाली. तुमच्या प्रयोगात मात्र अर्धा तास तलवारी खणखणतात, निम्मे इंग्रज मरून पडतात, आणि बाजीराव निसटल्याचा प्रसंग कोणाच्या वाट्यालाच येत नाही. याला आधार काय?

आणि ती पावडर! स्मिथच्या घोडदळात ड्रॅगून, म्हणजे गोरे घोडेस्वार, होते हे खरे. पण त्यांच्याबरोबर मद्रासची देशी घोडदळाची पलटणेही होती, म्हणजे कंपनीचा पगार घेणारी आपल्यासारख्याच वर्णाची माणसे. सगळ्यांच्या तोंडाला पावडर फासली की ही माणसे त्या मैदानातून पुसली जातात, आणि आपण का हरलो या प्रश्नाचे अर्धे उत्तरही त्यांच्याबरोबर जाते. तुझ्या मित्रांना तो प्रश्न नको आहे, म्हणून पावडर हवी आहे. हे त्यांना सांग, मात्र हसू नकोस.

मी एवढा का चिडतो, हे आता सांगायलाच हवे. तीस वर्षांपूर्वी आम्हीही आष्टी उभी केली होती आणि बापूंचे काम माझ्याकडे होते. पडता पडता काहीतरी बोलल्याशिवाय टाळी मिळेना, म्हणून प्रयोगाच्या आदल्या रात्री मी एक वाक्य रचले. टाळी मिळाली. काही वर्षांनी त्याच भागात एक शिक्षक मुलांना लढाईची हकिकत सांगत होते, आणि माझे वाक्य, शब्दही न बदलता, बापूंचे अखेरचे उद्गार म्हणून त्या मुलांच्या वह्यांत उतरत होते. मी पुढे होऊन म्हणालो की हे मी रचलेले आहे. ते शांतपणे म्हणाले, ‘आमच्या आजोबांपासून ऐकत आलोय.’ ते वाक्य मी इथे लिहीत नाही. लिहिले तर ते आणखी एका कागदावर चढेल.

तेव्हापासून माझा हट्ट सुरू झाला, आणि त्या हट्टापायी मी माणसे तोडली हे तुला कोणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. प्रयोगाच्या दिवशी एका जिवलग मित्राची भडक गुलाबी पगडी मी सगळ्यांदेखत उतरवायला लावली. पहिला कृत्रिम रंग 1856 साली निघाला, मग 1818 मध्ये हा रंग आला कुठून, असे मी मोठ्या ऐटीत बोललो. पुढे कळले की कुसुंब्याचा गुलाबी रंग आपल्याकडे फार जुना आहे आणि कुसुंबा म्हणजे आपली करडई, जिच्या तेलात आमच्या घरी रोज फोडणी पडते. म्हणजे माझ्याच हरकतीला आधार नव्हता. तो मित्र पुन्हा पथकात आला नाही. मी त्याच्या घरी गेलो नाही; जायला हवे होते. अर्थात ती पगडी नायलॉनची होती, त्यामुळे उतरवायची ती उतरवावीच लागली असती, हे मी आजही म्हणतो.

यातून तू घ्यायचे ते एवढेच की हरकत घेण्याआधी तिचाही आधार पाहून ठेव. अंगरखे एका वर्षात बदलणार नाहीत. पैसे नाहीत हे मला ठाऊक आहे. चेन काढून बंद लावायला एक संध्याकाळ पुरते, पावडर न लावायला तेवढीही लागत नाही, आणि बाजीराव निसटण्याचा प्रसंग लिहायला तू आहेसच. त्या कामाला कोणी तयार झाले नाही, तर बाजीराव तू हो.

मद्रासी स्वारांत माझे नाव लिही. या वयात तुम्ही मला घोड्यावर बसवणार नाही, तेव्हा घोडा धरून उभा राहीन. रविवारी सकाळी घरी ये. येताना पगडीपुरते हातमागाचे सुती कापड आण, पांढरेच आण. गेल्या हंगामातील करडईच्या पाकळ्या मी वाळवून ठेवल्या आहेत. रंग नीट बसला, तर ती पगडी घेऊन आपण दोघे त्या मित्राकडे जाऊ. एकट्याने जायचे धैर्य मला अजून होत नाही.

तुझा,
काका