गाठ, दुवा की गुंफण?

मालवणच्या एका शिक्षिकेनं विचारलंय : "गणितातल्या नॉटला ‘गाठ’ आणि लिंकला ‘दुवा’ म्हटलं, की ‘प्रत्येक गाठ हा एक दुवाच असतो’ असं वाक्य होतं. मुलं बुचकळ्यात पडतात. वाक्य चुकलंय की शब्द?"

वाक्य बरोबर आहे, शब्द चुकलाय. दुवा म्हणजे दोघांना जोडणारं तिसरं काहीतरी. लिंकमध्ये असं तिसरं काही नसतंच. एकमेकांना न छेदणारी बंद कडी असतात, आणि त्या सगळ्यांची मिळून जी रचना होते ती लिंक. कडं एकच असलं तर तिलाच नॉट म्हणायचं.

‘साखळी’ सुचवणारेही आहेत, पण बोरोमियन कड्यांपाशी तो शब्द अडतो. त्या तिघांतली कुठलीही दोन कडी एकमेकांत अडकलेली नसतात, तरी तिन्ही मिळून सुटत नाहीत. एक कापलं की उरलेली दोन आपोआप मोकळी. मी ‘गुंफण’ म्हणेन : दोन कड्यांची गुंफण, तीन कड्यांची गुंफण. आणि एकाच कड्याची गुंफण म्हणजे गाठ.

आता ‘गाठ’. निरगाठ, सुरगाठ, फास हे शब्द किनाऱ्यावर रोजच्या वापरातले, पण तिथे दोराची टोकं मोकळी असतात. गणितात ती जोडावीच लागतात, नाहीतर कुठलीही गाठ सोडवता येते. दोन्ही टोकं ओढली की सरळ होणारी सुरगाठ टोकं जोडल्यावर नुसतं कडंच ठरते.

मुलांना हे हातानं करून दाखवता येईल. जाळ्याच्या दुकानातून हातभर नायलॉनची दोरी आणा. एक साधी गाठ मारा, ती सैल ठेवा आणि दोन्ही टोकं वितळवून चिकटवा. टेबलावर पसरल्यावर दोरी तीनदा स्वतःला ओलांडताना दिसेल. ही तिपाती गाठ, खऱ्या गाठींमधली सर्वांत साधी. आता दोरीवरून बोट एकाच दिशेनं फिरवत दिशेच्या खुणा करा. एका ओलांडणीपाशी दोन्ही धागे कापा आणि येणारं प्रत्येक टोक दुसऱ्या धाग्याच्या जाणाऱ्या टोकाला जोडा. हातात दोन कडी येतील, एकमेकांत एकदाच अडकलेली! त्याऐवजी तीच ओलांडणी उलटी केली, वरचा धागा खाली घेतला, तर गाठच सुटते.

हाच माझ्या मते मुख्य मुद्दा. गाठी ओळखायला जी बहुपदी वापरतात, तिचं गणित गणितज्ञ जॉन कॉनवे यांच्या रीतीनं याच दोन कृतींवर चालतं. गाठीची ओलांडणी कापून जोडली की वाट दोन कड्यांच्या गुंफणीतून जाते. म्हणून गुंफणी गाठींपासून वेगळ्या खणात ठेवून चालत नाही.

दोन कडी एकमेकांभोवती किती वेळा फिरतात ते मोजायची रीत गणितज्ञ गाउसनं 1833 मध्ये नोंदवली. तिला ‘गुंफणांक’ म्हणता येईल. पण व्हाइटहेड गुंफण नावाच्या दोन कड्यांच्या रचनेत हा अंक शून्य येतो आणि तरी कडी सुटत नाहीत, त्यामुळे ‘शून्य म्हणजे मोकळी’ असं शिकवू नका.

एक आक्षेप रास्त आहे : दोन कडी शेजारी नुसती ठेवली तरी गणित त्यांना लिंकच म्हणतं. तिथे ‘सुटी गुंफण’ म्हणा. न गुंतलेल्या एका कड्यालाही गणित गाठींतच धरतं, तेव्हा हे त्या रिवाजाला धरूनच होईल.