आजोबांच्या डब्यातले संच

चि.,
अनेक आशीर्वाद.

आजोबांचा स्मारक नाण्यांचा (थोर व्यक्ती किंवा घटनेच्या स्मरणार्थ काढलेल्या नाण्यांचा) डबा तुझ्याकडे आलाय आणि तिघा नातवंडांसाठी सारखे संच करायचेत, असं कळलं. लगेच वाटायला बसू नकोस. आधी वही घे आणि विषयवार, म्हणजे कोणावर किंवा कशावर नाणं आहे त्याप्रमाणे, मोजणी कर. संच किती होणार हे डब्याच्या वजनावर नाही, सगळ्यात कमी असलेल्या नाण्यावर ठरतं. समज, शिवाजी महाराज (2 रुपये, 1999) सात निघाले, तुकाराम महाराज (2 रुपये, 2002) पाच आणि दादाभाई नौरोजी (5 रुपये, 2003) दोनच. मग तिसरं नाणं मिळेपर्यंत तिन्ही संचांत दादाभाईंची जागा रिकामी ठेव, नाहीतर तो विषयच गाळ. दोघांना आहे आणि धाकटीला नाही, असं झालं की दिवाळीत भांडण ठरलेलं.

विषय निवडताना हाव नको. मुंबईच्या मुलांना सांगता येईल असा सात नाण्यांचा संच पुरे: वरची तीन, ज्ञानेश्वर (1 रुपया, 1999), आंबेडकर (1 रुपया, 1990), लोकमान्य टिळक (5 रुपये, 2007) आणि रेल्वेची 150 वर्षं (2 रुपये, 2003). रेल्वेच्या नाण्यावर कंदील धरलेला भोलू हत्ती, म्हणजे रेल्वेचा शुभंकर, आहे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी 1853 साली सुटली, हे सांगायला याहून सोपं निमित्त मिळणार नाही. पोरं आधी हत्ती मागतात, एवढं गृहीत धर.

छाननीत सालावरून हमखास घोळ होतो. गांधीजींच्या नाण्यावर 1869–1948 असं आहे, पण ती नाणी 1969 च्या जन्मशताब्दीची. जन्म-मृत्यूची सालं म्हणजे नाणं पाडल्याचं साल नव्हे. याच मालिकेतलं पिवळं 20 पैशाचं नाणं अॅल्युमिनियम-ब्राँझचं आहे. त्यात सोनं असल्याच्या वावड्या अजून ऐकू येतात, हसून सोडून दे.

धातूसाठी लोहचुंबक वापर. 5 रुपयांची स्मारक नाणी आधी तांबे-निकेलची असत, ती चिकटत नाहीत. 2004 च्या पुढे स्टीलची येऊ लागली, ती चिकटतात. एका विषयाची दोन्ही निघाली तर एका संचात एक धातू आणि दुसऱ्यात दुसरा असं करू नकोस, तिघांना एकच दे. आणि चिकटलं म्हणजे स्टीलच असंही नाही: नेहरूंचा 1964 चा रुपया निकेलचा आहे, निकेलही चिकटतं.

नाणं कुठे पाडलं ते सांगणारी टाकसाळीची खूण सालाखाली असते. हिरा म्हणजे आपली मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा. खूणच नसेल तर कोलकाता. फार हाताळलेल्या नाण्यावर हिरा झिजून सपाट होतो आणि ते फुकट कोलकात्याच्या ढिगात जातं. दिवा बाजूला तिरका धरून भिंगातून बघ. अर्थात, मुलांच्या संचात खुणांची सक्ती नको. चारही टाकसाळींचा हट्ट धरलास तर एकही संच पुरा व्हायचा नाही.

वाटणीत खरा कस अवस्थेचा. प्रत्येक विषयाची नाणी चांगल्यापासून झिजलेल्यापर्यंत ओळीत लाव. पहिल्या विषयात थोरला, मधला, धाकटी या क्रमाने दे, पुढच्यात उलट क्रमाने, आणि तसंच आलटून पालटून. चकचकीत नाणी एकाच्याच वाट्याला जात नाहीत.

लिंबू, चिंच, पितांबरी यांतलं काहीही लावायचं नाही. त्याने नाण्याचा वरचा थर खरवडला जातो; चकाकी दोन दिवस टिकते, ओरखडे कायमचे राहतात. मळ असेल तर कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून बुडव, साध्या पाण्यातून काढ, शेवटी डिस्टिल्ड पाण्यातून, आणि सुती कापडावर टिपून घे. घासू नकोस. नंतर कडेला धरूनच उचल.

ठेवण्यासाठी पीव्हीसीचे मऊ पाउच घेऊ नकोस. आपल्या दमट हवेत त्यांचा चिकट हिरवा थर नाण्यावर चढतो. पुठ्ठ्याचे खिडकीवाले होल्डर घे. 2 रुपयांचं अकराकोनी नाणं साधारण 26 मिमीचं, 5 रुपयांचं जुनं जाड 23, पण इंदिरा गांधींचं 1985 चं 5 रुपयांचं 31. एकच मापाचा गठ्ठा आणलास तर फसशील. नाणं ठेवून, पट्टीने मोजून खिडकी निवड. होल्डर बंद करताना स्टेपलरची पिन नाण्यापासून लांब मार आणि पक्कडीने सपाट दाब, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा पडतो. होल्डरवर विषय आणि साल पेन्सिलने लिही. अल्बम बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. सिलिका जेलची पुडी ठेव आणि पावसाळ्यात बदलत राहा.

एखाद्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणून आधी फी मागणारे भेटतील. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये अशांपासून सावध केलं आहे. हाताळलेली स्मारक नाणी बहुधा आपल्या दर्शनी किमतीची किंवा थोड्या जास्तीची असतात, हे मुलांनाही सांगून टाक.

उरलेली नाणी सुट्यांत चालव. भाजीवाला खूश होईल. 25 पैसे आणि त्याखालची मात्र 2011 पासून चलनात नाहीत, ती वेगळ्या डबीत ठेव. 1982 च्या आशियाई खेळांची 10 आणि 25 पैशांची नाणी त्यातच सापडतील.

तुझा,
काका