वर्गात पैशांचा खेळ खेळून मुलांना दशांश अपूर्णांक येतात का?

तुम्ही विचारलंय की पाचवीच्या वर्गात खोट्या नोटा-नाणी वाटून बाजार भरवला तर दशांशाची बेरीज-वजाबाकी मुलांच्या डोक्यात बसेल का, आणि त्यासाठी दुकानात मिळणारा खेळण्यातल्या पैशांचा संच घ्यावा का. मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवतो आणि हा खेळ दर वर्षी खेळवतो, म्हणून लिहितो.

बसेल. पण बाजारामुळे नाही, बँकेमुळे.

बाजारात मुलं रमतात यात शंका नाही. कुणी पदेर होतो आणि तोंडानेच पोंगा वाजवत पाव विकतो, कुणी जत्रेतलं खाजं मांडून बसते. गणित मात्र त्या गोंगाटात फार थोडं होतं. ते होतं दहा सुटे पैसे देऊन दहा पैशांचं एक कार्ड घेताना आणि रुपया मोडून दहा-दहा पैशांची दहा कार्डं घेताना. म्हणून आधी दुकानं मांडूच नका.

पुठ्ठ्याची तीन रंगांची कार्डं कापा: एक रुपया, दहा पैसे, एक पैसा. बस्स. पाच, वीस, पन्नास काही नको. दुकानातला संच मी घ्या म्हणत नाही तो याचसाठी, त्यात दोन, पाच, वीस सगळं असतं. व्यवहारात ते सोयीचं, पण दशांशाचा जीव ‘दहाला एक’ या एकाच नियमात आहे आणि मध्ये पन्नास पैसे घुसले की तो झाकला जातो. प्रत्येक मुलाला तीन रकान्यांचा कागद द्या. रुपयाच्या आणि दहा पैशांच्या रकान्यामध्ये जाड टिंब काढा, तेच दशांश चिन्ह.

चार-चार जणांचे गट, त्यातला एक बँक. दोन फासे घ्या. एक नेहमीचा, दुसऱ्याच्या तीन बाजूंवर ‘पैसा’ आणि तीन बाजूंवर ‘दहा पैसे’ अशा चिठ्ठ्या चिकटवा. चार आणि ‘दहा पैसे’ पडले की बँकेकडून दहा पैशांची चार कार्डं. कुठल्याही रकान्यात नऊपेक्षा जास्त कार्डं ठेवायची नाहीत. कुणी ठेवली आणि दुसऱ्याने पाहून ‘मोड!’ म्हटलं, तर पहिल्याचा डाव गेला. (मुलं दुसऱ्याच्या कागदावर जितकं बारीक लक्ष ठेवतात तितकं फळ्यावर कधीच ठेवत नाहीत.) प्रत्येक डावानंतर आपली रक्कम वहीत आकड्यांत लिहायची. आधी दोन रुपये ज्याचे होतील तो जिंकला. पाच रुपयांचं लक्ष्य ठेवू नका, तास संपतो आणि खेळ अर्धाच राहतो.

मग उलटा खेळ, आणि खरी मजा यातच आहे. सगळे दोन रुपयांवर सुरुवात करतात, फाशावर पडेल तेवढे बँकेला द्यायचे. पहिल्याच डावात ‘सहा पैसे’ पडले की मूल अडतं, कारण हातात दोन रुपयांची कार्डं आहेत, सुटा पैसा एकही नाही. रुपया मोडला, दहा पैशांची दहा कार्डं आली. त्यातलं एक मोडलं, दहा सुटे पैसे आले. सहा दिले. उरलं काय? १ रुपया, ९ कार्डं, ४ पैसे, म्हणजे १.९४. शून्यांवरून उधार घेण्याची वजाबाकी फळ्यावर मुलांना कोडं वाटते. इथे ती त्यांच्या हातून आपसूक होते.

यानंतर बाजार भरवा, पण भाव मुद्दाम तिरके लिहा. खाजं २.५, लाडू २.४५, चणे २.०५. सर्वांत महाग काय? बरीच मुलं लाडू म्हणतील, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे. हीच मुलं २.५ + १.२५ = ३.३० करतात. कागदावर कार्डं मांडून पाहा म्हणावं. २.५ मधला ५ मधल्या रकान्यात जातो आणि वाद मिटतो. आपण नेहमी २.५० असंच लिहितो, त्यामुळे टिंबाच्या अलीकडे एक संख्या, पलीकडे दुसरी, अशी मुलांची समजूत होते. पैशांत ती खपून जाते, मीटर-सेंटिमीटरला गेल्यावर फसते.

तुमच्या वर्गातलं एखादं पोर म्हणेलच, ‘दोन रुपये पाच पैसे कोण देतं?’ रास्त आहे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली आणि घरची मंडळी तर फोनवर स्कॅन करून मोकळी होतात. ही शंका मी दाबत नाही, तिच्यावर एक तास घालवतो. गोव्यात हे सोपं आहे. पोर्तुगीज अमलात इथे १ रुपयाचे १६ टांगा आणि १ टांग्याचे ६० रेइस असत. १९५८ नंतर १०० सेंतावूंचा एश्कुद आला आणि १९६१ च्या मुक्तीनंतर आपला १०० पैशांचा रुपया, जो बाकी देशात १ एप्रिल १९५७ पासूनच होता. मुलांना बेरीज द्या: २ रुपये ११ टांगा ४५ रेइस अधिक १ रुपया ७ टांगा ३० रेइस. उत्तर ४ रुपये ३ टांगा १५ रेइस, पण तिथवर पोचताना ६० आणि १६ चे हातचे सांभाळून मुलं घामाघूम होतात. दशांशाची सोय मग वेगळी सांगावी लागत नाही. ज्यांच्या घरी पंचाहत्तरी ओलांडलेली आजी आहे, त्यांनी तिला विचारून यावं.

भागाकारही याच कार्डांवर करा. ७ रुपये चौघांत वाटायचे. प्रत्येकी १, उरले ३. ते मोडून ३० कार्डं, प्रत्येकी ७, उरली २. ती मोडून २० पैसे, प्रत्येकी ५. झाले १.७५. मग एक रुपया तिघांत वाटायला द्या. ३३ पैसे प्रत्येकी, एक पैसा उरतो, आणि पैसा मोडायला बँकेकडे काहीच नाही. थांबा, उत्तर सांगू नका.

पैशांची हद्दही इथेच लागते. ०.३७५ दाखवायला नाणं नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक काट्यावर तेच ०.३७५ किलो दिसतं, म्हणून कागदाला चौथा रकाना जोडा आणि रुपयाऐवजी किलो, १०० ग्रॅम, १० ग्रॅम, १ ग्रॅम लिहा. ८० रुपये किलोचा कांदा ०.३७५ किलो घेतला तर ३० रुपये. ०.३ × ०.४ मात्र पैशांत मांडू नका, तीस पैशांना चाळीस पैशांनी गुणण्याला अर्थ नाही. त्याला शंभर चौकोनांचा आलेख कागद बरा.

आणखी एक. बँक व्हायला वर्गातलं हुशार पोर निवडण्याचा मोह होतो, कारण खेळ भराभर चालतो. पहिल्या दिवशी गणितात मागे असणाऱ्याला बँक करा. प्रत्येक मोड त्याच्या हातून जाते, म्हणजे गटात सर्वांत जास्त सराव त्यालाच मिळतो, आणि त्याची चूक पकडायला बाकीचे तिघे टपलेले असतातच.