एपी परीक्षेत एका विषयात ३ आले, तर अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशावर किती परिणाम होतो?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी न्यू जर्सीत शिकते, सप्टेंबरपासून सिनियर म्हणजे बारावीत जाईल. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट: हायस्कूलमध्ये शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय. त्यांची परीक्षा कॉलेज बोर्ड ही संस्था घेते आणि स्कोअर १ ते ५ मध्ये देते. जुलैत तिचे स्कोअर आले. कॅल्क्युलस बीसीत ५, केमिस्ट्रीत ४ आणि यूएस हिस्टरीत ३. हा ३ कॉलेजला कळवावा का, त्याने चांगल्या कॉलेजचे दरवाजे बंद होतात का, आणि पुढच्या वर्षी पाच एपी घेऊन ही कसर भरून काढता येईल का?

मी इथल्याच एका पब्लिक हायस्कूलमध्ये गणित शिकवते, एपी कॅल्क्युलसचे वर्ग माझ्याकडे असतात. दरवर्षी जुलैत हे स्कोअर येतात आणि गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या रांगेत आईवडील मला हेच विचारतात. तिथे जे सांगते तेच इथे लिहिते: दरवाजे वगैरे काही बंद होत नाहीत. प्रवेशात स्कोअरपेक्षा वर्गातली ग्रेड कितीतरी जास्त मोजली जाते.

आपली गल्लत कुठे होते, तर आपण सीईटी-जेईईच्या मुशीतून आलोय. तिकडे मेरिट लिस्ट लागते, पर्सेंटाइलचा दशांश इकडचा तिकडे झाला की कॉलेज बदलतं. इथे तशी यादीच नाही. अर्जासोबत ट्रान्सक्रिप्ट जाते, म्हणजे नववीपासूनचे सगळे विषय आणि ग्रेड. शाळेचा काउन्सेलर शाळेची माहिती पाठवतो, त्यात या शाळेत किती एपी शिकवले जातात हेही असतं. कॉमन अ‍ॅपच्या (बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक अर्जाच्या) फॉर्ममध्ये त्याला एक खूण करावी लागते: शाळेतल्या इतर मुलांच्या तुलनेत या मुलीने घेतलेले विषय किती अवघड होते? वरच्या श्रेणीच्या कॉलेजांना 'सर्वात अवघड' ही खूण बघायची असते. म्हणून ज्या शाळेत वीस एपी आहेत तिथल्या मुलीने दोन घेतले तर ते थोडे दिसतात, आणि चारच एपी असलेल्या शाळेत तीन घेतलेली मुलगी भारी ठरते.

स्कोअर यानंतर येतो, आणि तोही मुलं स्वतःच लिहितात. कॉलेज बोर्डाचा अधिकृत रिपोर्ट बहुतेक ठिकाणी प्रवेश घेतल्यावरच मागतात. कोणता स्कोअर लिहायचा, कोणता नाही, हे साधारणपणे तुमच्या हातात असतं. ५ आणि ४ बिनधास्त लिहा. ३ चा निर्णय कॉलेज बघून घ्या. फार चुरशीच्या कॉलेजांना मी लिहू नका म्हणते, राज्य विद्यापीठांना लिहिलात तरी बिघडत नाही. हिस्टरीत वर्गातली ग्रेड ए असेल तर कुणी त्या ३ वर अडून बसणार नाही. मात्र तीन-चार विषयांत ग्रेड ए आणि स्कोअर २, असं चित्र असेल तर वाचणाऱ्याच्या मनात शाळेच्या ग्रेडबद्दलच शंका येते. स्कोअरचा खरा उपयोग असा पडताळ्यापुरता असतो.

शिवाय सगळे ५ सारखे नसतात. कॅल्क्युलस बीसीला बसणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त मुलांना ५ मिळतात, कारण त्या वर्गापर्यंत पोचणारी मुलंच निवडक असतात. यूएस हिस्टरीत ५ मिळवणारे दहा-पंधरा टक्के. म्हणजे तुमच्या घरी ज्या ५ चे पेढे वाटले, तो त्या ३ पेक्षा वाटतो तितका उंच नाही. आणि ही मोजपट्टीही हलते: हिस्टरीत ३ किंवा वर मिळवणारे २०२३ मध्ये ४८ टक्के होते, २०२४ मध्ये ७२ टक्के झाले. एका वर्षात देशभरची मुलं इतिहासात हुशार झाली नाहीत, कॉलेज बोर्डाने गुण ठरवायची पद्धत बदलली.

४ आणि ५ मधलं अंतर मी जवळून बघते. कॅल्क्युलसच्या लेखी भागात सहा प्रश्न, प्रत्येकी ९ गुण. डिफरेन्शियल इक्वेशनचा प्रश्न बहुतेक दरवर्षी असतो. व्हेरिएबल वेगळे केले, इंटिग्रेशन बरोबर केलं, आणि घाईत 'प्लस सी' (इंटिग्रेशननंतर मिळवायचा स्थिरांक) लिहायचं राहिलं, तर त्या भागाचे निम्मे गुण तिथेच गळतात, पुढचं गणित कितीही सुबक असो. वर्षभर फळ्यापाशी येऊन भांडणारा मुलगा अशा एका 'सी'पायी ४ वर येतो. सप्टेंबरमध्ये त्याच्या शिफारसपत्रात मी ते भांडण लिहिते. स्कोअरचा उल्लेखही करत नाही.

आता पुढच्या वर्षीचे पाच एपी. त्यांचे स्कोअर प्रवेशासाठी कुणी बघणारच नाही. अर्ज नोव्हेंबर ते जानेवारीत जातात, निकाल मार्चअखेरपर्यंत लागतात, १ मेपर्यंत कॉलेजला होकार द्यायचा असतो. एपीच्या परीक्षा मे महिन्यात आणि स्कोअर जुलैत! मोजले जातात ते तिने निवडलेले विषय आणि पहिल्या सत्राच्या ग्रेड. पाच एपी घेऊन तीन बी आणि रात्री दोनपर्यंत जागरण, त्यापेक्षा तीन घेऊन तिन्हीत ए, हे मी कधीही पत्करेन. शेजारच्या घरात किती एपी चालू आहेत ते विचारूच नका.

काही अपवाद मात्र आहेत. येलने २०२४ मध्ये जाहीर केलं की एसएटी किंवा एसीटी या प्रवेशासाठीच्या परीक्षांच्या जागी एपीचे स्कोअर चालतील. पण त्या वाटेने गेलात तर दिलेल्या सगळ्या एपीचे स्कोअर सांगावे लागतात, ३ झाकता येत नाही. असे नियम बदलत राहतात, अर्जाच्या वेळी कॉलेजच्या साइटवर बघून घ्या. कॅलिफोर्नियाची यूसी विद्यापीठं एसएटी बघतच नाहीत. तिथे जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढताना एपीच्या विषयाला जादा गुण मिळतो, पण तोही वर्गातल्या ग्रेडवर, परीक्षेच्या स्कोअरवर नाही. इंग्लंडचा विचार असेल तर सगळं उलटं. ऑक्सफर्ड-केंब्रिज थेट ५ मागतात, आणि प्रवेश अटीवर दिलेला असला तर बारावीचा स्कोअरही निर्णायक ठरतो. पुण्या-मुंबईत सीबीएसई किंवा आयएससी करून स्वतःच्या अभ्यासावर एपी देणाऱ्या मुलांनाही स्कोअर जास्त महत्त्वाचा, कारण त्यांच्या ट्रान्सक्रिप्टवर एपीचा वर्गच नसतो.

स्कोअरची खरी किंमत कळते ती प्रवेशानंतर, क्रेडिटच्या रूपात, म्हणजे तो विषय कॉलेजात पुन्हा न घेता पदवीच्या हिशोबात धरला जातो. टेक्सस आणि इलिनॉयच्या सरकारी विद्यापीठांत ३ वरही बऱ्याच विषयांचं क्रेडिट मिळतं, त्यासाठी तिथे कायदाच आहे. आपल्या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाला, रटगर्सला, ४ लागतो. एमआयटीत कॅल्क्युलस बीसीच्या ५ वर पहिला कॅल्क्युलस कोर्स सुटतो. ब्राउन आणि डार्टमथ पदवीसाठी एपीचं क्रेडिट धरतच नाहीत, फार तर वरच्या वर्गात बसू देतात. थोडक्यात, रटगर्समध्ये केमिस्ट्रीच्या त्या ४ ने फीचे चांगले पैसे वाचतील, डार्टमथमध्ये एकही नाही. (मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर जपून. बऱ्याच मेडिकल स्कूलांना केमिस्ट्री-बायोलॉजी कॉलेजात शिकलेली हवी असते, एपीच्या क्रेडिटवर भागवलेली चालत नाही.)

तेव्हा कॉलेजांची यादी करताना प्रत्येकाच्या साइटवर एपी क्रेडिटचा तक्ता शोधा. परीक्षेची फी विषयाला जवळपास शंभर डॉलर आहे. सिनियर वर्षाच्या ज्या स्कोअरवर यादीतलं एकही कॉलेज काही देत नाही, ती परीक्षा न देताही चालतं, फक्त शाळेची सक्ती नाही ना ते विचारून घ्या. बाकीच्या परीक्षांसाठी, कॉलेज नक्की झालं की जूनच्या मुदतीच्या आत कॉलेज बोर्डाच्या खात्यात त्याचं नाव टाका. वर्षातून एक रिपोर्ट फुकट जातो, मुदत चुकली की पैसे पडतात.