गोठलेला रंग, ठरलेली मजुरी आणि एफडी

प्रश्न : जुलैत पुराच्या भीतीने कोल्हापूरच्या दुधाळीतल्या घरातलं सामान रातोरात हलवलं. दिवाळीच्या रंगकामासाठी आणलेल्या इमल्शनच्या 20 लिटरच्या चार बादल्या भावाच्या आइस्क्रीमच्या कोल्ड रूममध्ये ठेवल्या आणि रंग पार गोठला. रंगाला 18,000 रुपये पडले होते. पेंटरची मजुरी 26,000 ठरली आहे. तोच रंग वापरू, की एफडी मोडून नवा घेऊ? एफडी डिसेंबरात पिकते.

ताई, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की दुधाळीतल्या माणसाने सामान हलवायलाच हवं. तेव्हा बादल्या कुठे ठेवल्या याचा त्रास करून घेऊ नका.

तुमचा जीव 18,000 साठी तुटतोय, पण खरी जोखीम मजुरीत आहे. खराब रंग भिंतीवर गेला आणि महिन्याभरात भुकटी होऊन सुटू लागला, तर नवा रंग 18,000 आणि मजुरी पुन्हा 26,000. घासाईचा खर्च आणखी वेगळा. म्हणजे 18,000 वाचवायला जाऊन 26,000 च्या वर बुडू शकतात. म्हणून डोळे झाकून वापरू नका, पण सगळा टाकूही नका.

इमल्शन पाण्यातलं असतं. पाणी गोठताना त्यातले पॉलिमरचे बारीक कण एकमेकांवर दाबले जातात. ते चिकटले तर पुन्हा सुटत नाहीत. पण बरेच रंग एखादं गोठणं सोसतात. बादल्या घरातच दोन-तीन दिवस राहू द्या. ऊन दाखवू नका, गरम पाण्यात ठेवू नका. मग पेंटरकडून तळापासून नीट ढवळून घ्या. सुरुवातीला पाणी वेगळं दिसेल, त्याला घाबरू नका. ढवळून एकजीव झाला तर आशा आहे. फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या राहिल्या तर ती बादली गेली. गाळून किंवा पाणी घालून ती सुधारत नाही.

एकजीव झालेल्या प्रत्येक बादलीतला रंग आतल्या खोलीत दाराआडच्या भिंतीवर दोन-दोन फूट, दोन हात लावून बघा. आठवड्याने ओलं फडकं घासा. रंग फडक्याला आला नाही, छटा आणि चकाकी एकसारखी राहिली, तर खुशाल वापरा. या चाचणीला पेंटरची अर्ध्या दिवसाची हजेरी द्यावी लागली तरी द्या. बाहेरच्या भिंतींना मात्र नवाच रंग घ्या. कोल्हापूरचा पाऊस असल्या रंगाची परीक्षा बघायची जागा नाही.

एफडी मोडू नका. मुदतीआधी मोडली की व्याजदर कमी लागतो, वर बहुतेक बँका दंडही कापतात. समजा दोन बादल्या गेल्या, तर लागतील 9,000. महिन्याच्या शिलकीतून निघत नसतील तर एफडीवर कर्ज काढा. दर साधारण एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. 9 टक्क्यांनी दोन महिन्यांचं व्याज 135 रुपये होतं.

खिडक्यांच्या ऑइल पेंटचा डबाही तिथे होता का? त्यात पाणी नसतं. घरात ठेवून ढवळला की बहुधा चालतो. आणि गेलेली बादली दुधाळी नाल्यात ओतू नका, तो पंचगंगेलाच मिळतो. लाकडाचा भुसा मिसळून रंग पूर्ण वाळू द्या आणि घंटागाडीवाल्याला सांगून वेगळा द्या.