वाचकांचे प्रश्न : जुन्या पूल क्यूंची ओढ

प्रश्न : मी ठाण्यातील एका पार्लरमध्ये नियमित पूल, म्हणजे सहा खिशांच्या टेबलावरचा चेंडूंचा खेळ, खेळतो. अमेरिकेत राहणारा माझा मावसभाऊ साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या क्यू (चेंडू मारायच्या काठ्या) जमवतो आणि खेळतोही त्यांनीच. आजच्या कार्बन फायबरच्या क्यूने नेम अधिक चांगला साधतो, हे तोही मान्य करतो. मग जुन्या लाकडी क्यूमध्ये या लोकांना एवढे काय दिसते? की हा निव्वळ पैसेवाल्यांचा शौक आहे?

उत्तर : आपल्या मावसभावाने जे मान्य केले आहे ते खरेच आहे. पांढऱ्या चेंडूच्या मध्यापासून डावीकडे किंवा उजवीकडे क्यू लागली, की तो चेंडू आपण धरलेल्या रेषेवरून किंचित विरुद्ध बाजूला सरकतो, आणि हे सरकणे किती होणार ते मुख्यतः शाफ्टच्या, म्हणजे क्यूच्या पुढच्या निमुळत्या भागाच्या, टोकाकडील काही इंचांच्या वजनावर ठरते. जुन्या उंची क्यूंचा शाफ्ट भरीव मेपलचा, टोकाला सुमारे तेरा मिलिमीटर जाडीचा असे आणि त्यावर बहुधा हस्तिदंताचे जड फेरूल (टोकाचे कडे) असे. त्यामुळे चेंडू जास्त सरकतो आणि नेम धरताना त्याची भरपाई करावी लागते. प्रेडेटर कंपनीने १९९४ नंतर पुढचे वजन घटवलेले शाफ्ट बाजारात आणले, पुढे कार्बन फायबर आले, आणि ही अडचण पुष्कळ कमी झाली. तेव्हा जुनी क्यू घेतल्याने खेळ सुधारतो असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

जुन्या क्यूचे आकर्षण तिच्या बांधणीत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील पूल हॉलमध्ये भिंतीवरच्या घोडीत सार्वजनिक क्यू लावलेल्या असत, आणि त्यांतल्या बऱ्याच ब्रन्सविक कंपनीच्या असत. १८४५ साली सिनसिनाटीत सुरू झालेल्या या कंपनीची ‘टायटलिस्ट’ ही अखंड, म्हणजे दोन भागांत न सुटणारी, क्यू कोणालाही हाताळता येण्याजोगी साधी वस्तू होती. पण तिच्यातली जोडणी साधी नव्हती. पुढचे फिकट मेपल आणि मागचे गडद लाकूड चार लांब निमुळत्या खाचांनी एकमेकांत असे शिरवलेले असे, की खिळा किंवा स्क्रू न वापरता दोन लाकडांचा एकच दांडा होई. या पद्धतीला फुल स्प्लाइस म्हणतात. बाहेरून दिसणारे चार टोकदार पॉइंट ही नक्षी वाटते, पण ती त्या जोडाचीच दिसणारी बाजू आहे. जाणकार खेळाडू यांतली सरळ धाग्याची, वजनाला पटणारी क्यू हेरून कारागिराकडे नेत. तो ती मधोमध कापून तिला जॉइंट (दोन भाग जोडणारा सांधा) बसवी, तोल साधून देई, मुठीला दोरा गुंडाळी. शिकागोचे हर्मन रॅम्बो हे अशा कारागिरांतले मोठे नाव. विली हॉपी आणि विली मॉस्कोनी यांच्यासारखे जगज्जेते त्यांच्या हातच्या क्यूने खेळले.

या परंपरेतून पुढे आलेले सर्वांत प्रसिद्ध कारागीर म्हणजे जॉर्ज बालाबुश्का. १९१२ साली रशियात जन्मलेले आणि १९२४ मध्ये आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आलेले बालाबुश्का व्यवसायाने सुतारकामातले होते. १९५९ च्या सुमारास त्यांनी मित्रांना भेट देण्यासाठी क्यू बनवल्या आणि थोड्याच वर्षांत मोठमोठे खेळाडू त्यांच्याकडे नंबर लावू लागले. आरंभी ते ब्रन्सविकच्या टायटलिस्टचेच दांडे वापरत, नंतर शिकागोच्या बर्टन स्पेन यांच्याकडून आणि अखेरच्या काळात पेनसिल्वेनियातील गस झाम्बोटी यांच्याकडून त्यांनी दांडे घेतले. झाम्बोटी स्वतः थोर कारागीर होते, आणि आज त्यांची क्यूही बालाबुश्कांच्या क्यूइतक्याच आदराने हाताळली जाते. १९७५ मध्ये बालाबुश्का वारले तोवर त्यांच्या हातून हजार-बाराशे क्यू झाल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. म्हणजे नावाजलेल्या बालाबुश्का क्यूमध्येही दुसऱ्याच्या कारखान्यातले किंवा दुसऱ्याच्या हातचे लाकूड आहे. संग्राहकाला यात उणेपणा वाटत नाही, उलट एका क्यूमध्ये दोन-तीन हात ओळखू येणे हाच त्याला त्यातला रस वाटतो. मलाही तो पटतो.

आता खेळण्याविषयी. जुन्या क्यूचा ‘हिट’, म्हणजे फटका मारताना हाताला येणारी जाणीव, वेगळा लागतो असे जे सांगतात, त्यांच्या बोलण्यातला बराचसा भाग टिप (चेंडूला लागणारे टोकाचे चामडे), फेरूल आणि शाफ्ट यांच्या खाती टाकावा लागेल. बटमधल्या (क्यूच्या मागच्या जाड भागातल्या) अबनुसाला किंवा शिसवीला त्याचे श्रेय देणे ही बहुतांशी हौस आहे. तरीही पोलादी जॉइंटचा नेमका, कोरडा आवाज, तोल किंचित पुढे सरकलेला असल्यामुळे हातात येणारा ठेहराव आणि तळहाताखालचा आयरिश लिननचा दोरा हे अनुभव काल्पनिक नाहीत. या क्यू ज्या खेळासाठी घडल्या तो खेळही वेगळा होता. तेव्हाचा प्रतिष्ठेचा खेळ म्हणजे स्ट्रेट पूल : कोणताही चेंडू, कोणताही खिसा, पण आधी सांगून, आणि एक चेंडू शिल्लक उरला की बाकीचे चौदा पुन्हा रचायचे. मॉस्कोनींनी १९५४ मध्ये ओहायोतील स्प्रिंगफिल्ड येथे याच खेळात सलग ५२६ चेंडू घातले आणि २०१९ मध्ये जॉन श्मिट यांनी ६२६ घालेपर्यंत अधिकृत नोंदीत तो आकडा गाठला गेला नव्हता. या खेळात जोरापेक्षा हलका हात महत्त्वाचा, पांढरा चेंडू सहा-आठ इंच सरकवून थांबवण्यात सारी कला. आपल्या मावसभावाकडची क्यू घेऊन नाइन बॉल या पूलच्या प्रकारातला ब्रेक, म्हणजे रचलेले चेंडू फोडणारा जोरदार पहिला फटका, मारू नका. स्ट्रेट पूलचा एक डाव शांतपणे खेळून पाहा, मग ती अशी का घडवली आहे ते कळेल. नियमांचीही आडकाठी नाही : आंतरराष्ट्रीय नियमांनुसार क्यू किमान चाळीस इंच लांब, जास्तीत जास्त पंचवीस औंस वजनाची आणि टिप चौदा मिलिमीटरपर्यंत असली की पुरे.

पैशांचे म्हणाल, तर खऱ्या बालाबुश्का क्यूची किंमत पाच आकडी डॉलरमध्ये जाते आणि तिथे शौकाबरोबर गुंतवणूकही शिरते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अखंड टायटलिस्टवरून रूपांतरित केलेली निनावी क्यू त्यामानाने फार स्वस्तात मिळते, आणि जोडणीचे कसब पाहायचे असेल तर ती पुरेशी आहे. मला स्वतःला काचेच्या कपाटातल्या बिनओरखड्याच्या दहा क्यूंपेक्षा रोज टेबलावर येणारी अशी एक क्यू अधिक मोलाची वाटते.

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सी येथे राहतो आणि पुढच्या वर्षी कायमचे पुण्याला परतणार आहोत. शेजारच्या घरातील वस्तूंच्या विक्रीत एक जुनी क्यू मिळत आहे. विक्रेता ती बालाबुश्काची असल्याचे सांगतो. तिच्यावर तसे नावही आहे. फेरूल आणि जॉइंट हस्तिदंताचे आहेत. ‘द कलर ऑफ मनी’ पाहिल्यापासून मला अशी क्यू हवी होती. घ्यावी का?

उत्तर : प्रथम त्या चित्रपटाविषयी, कारण या नावाची मागणी त्याने फार वाढवली. १९८६ च्या त्या चित्रपटात बालाबुश्का म्हणून जी क्यू दाखवली आहे, ती प्रत्यक्षात जॉस कंपनीची, तशी दिसावी म्हणून घडवलेली होती. पडद्यावरची क्यू डोळ्यांसमोर ठेवून खरी क्यू ओळखू पाहणारे त्यामुळे हमखास फसतात. नाव कोरलेले असणे हा पुरावा नव्हे. बालाबुश्कांच्या नावाचा परवाना घेऊन पुढे कारखान्यांत निघालेल्या क्यूही बाजारात आहेत; त्या खोट्या नाहीत, पण त्या बालाबुश्कांच्या हातच्याही नाहीत, आणि त्यांची किंमत अगदीच वेगळी असते.

पाहायचे ते पॉइंट. जुन्या पद्धतीत लाकडात इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच पाडून त्यात टोकदार पट्टी आणि रंगीत व्हिनिअरचे (लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे) थर बसवत, म्हणून पॉइंटचे टोक सुईसारखे निघते आणि व्हिनिअर तिथे काटकोनी मिळतात. संगणकीय यंत्राने कोरलेल्या खाचेत कापणारे पाते गोल फिरते, त्यामुळे टोक हाताने तासून घेतले नसेल तर भिंगाखाली किंचित गोलावा दिसतो. हाताने केलेल्या कामात चारही पॉइंटची उंची तंतोतंत सारखी नसते. एखादा केसभर वर-खाली असणे दोष समजू नये, पण एखादा बोटभर खाली असेल तर कधीकाळी क्यू वाकडी होऊन पुन्हा लेथवर चढवली गेली असण्याची शंका घ्यावी. बालाबुश्कांच्या क्यूंचा पोलादी जॉइंट आणि त्यातील ५/१६ इंची, इंचाला चौदा आट्यांचा स्क्रू प्रसिद्ध आहे. स्क्रू वेगळा असेल तर त्याचे कारण विक्रेत्याने सांगितले पाहिजे. नवा, काचेसारखा चकचकीत मुलामा पाहून हुरळून जाऊ नका. मूळ मुलामा, मूळ दोरा आणि मूळ शाफ्ट यांतले जे जे बदलले असेल, त्या त्या प्रमाणात किंमत उतरते. एवढे सगळे जुळले, तरी पाच आकडी रक्कम देण्यापूर्वी या काळातल्या क्यूंची दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला ती दाखवावी. विक्रेता त्याला तयार नसेल तर तिथेच थांबावे.

हस्तिदंताचा मुद्दा मात्र याहून गंभीर आहे. न्यू जर्सीने २०१४ मध्ये हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर स्वतंत्र बंदीकायदा केला, आणि २०१६ च्या जुलैपासून आफ्रिकी हत्तीच्या दंताच्या व्यापारावर अमेरिकाभर जवळपास संपूर्ण बंदी आली. त्यातील जुन्या वस्तूंची सवलत शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना आहे. साठच्या दशकातली क्यू त्यात बसत नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आहे. क्यूवरचे दंत चिमूटभर असले, तरी कस्टमच्या लेखी ते हस्तिदंतच. बटमध्ये ब्राझिलियन रोझवूड असेल, तर त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही १९९२ पासून कडक निर्बंध आहेत. कारागिराकडून दंताचे भाग काढून त्या जागी आजचे कृत्रिम साहित्य बसवता येते, पण मग ती संग्राहकाची क्यू राहत नाही. माझे मत विचाराल तर ही क्यू घेऊ नये. त्याच काळातील, पितळी किंवा पोलादी जॉइंटची आणि फायबरच्या फेरूलची क्यू शोधावी. खेळायला ती कुठेही कमी पडणार नाही आणि पुण्याला येताना आपली झोपही उडणार नाही.

प्रश्न : आमच्या पुण्यातील वाड्याच्या माळ्यावर आजोबांची एक क्यू सापडली. ती अखंड आहे, टोक बारीक, त्याला पितळी कडे, आणि मागे पट्टीवर वॉल्टर लिंडरम यांचे नाव व ४१३७ हा आकडा आहे. ती त्यांची असेल का? तिने पूल खेळता येईल का?

उत्तर : लिंडरम हे ऑस्ट्रेलियाचे इंग्लिश बिलियर्ड्सपटू, आणि ४१३७ हा त्यांनी १९३२ मध्ये लंडनला केलेला विक्रमी ब्रेक, म्हणजे एकाच खेपेत सलग मिळवलेले गुण. त्या काळी विजेत्यांच्या नावाची व विक्रमाची पट्टी लावलेल्या क्यू इंग्लंडमध्ये दुकानांसाठी बनत, त्यामुळे ती त्यांच्या हाताळणीतली असण्याची शक्यता मानू नये. आपल्याकडे पूल येण्यापूर्वी जिमखान्यांतून आणि क्लबांतून चाले ते बिलियर्ड्स आणि स्नूकर. १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेते झालेले विल्सन जोन्स पुण्यातच जन्मले होते. तेव्हा अशी क्यू पुण्याच्या वाड्यात निघणे मुळीच नवलाचे नाही. तिचा शाफ्ट बहुधा अ‍ॅशचा असेल; नीट निरखल्यास लाकडात बाणाच्या टोकासारख्या गडद रेघा स्पष्ट दिसतील. पूलचा चेंडू सुमारे ५७ मिलिमीटरचा, स्नूकरचा ५२.५ मिलिमीटरचा; वजनातही चांगलाच फरक. नऊ-दहा मिलिमीटरच्या टिपला पूलचे जड चेंडू सोसत नाहीत आणि कडे तडकण्याची भीती असते. नवी टिप बसवून स्नूकरच्या टेबलावर ती जरूर वापरावी. पट्टी काढू नये आणि पॉलिश तर मुळीच करू नये.

प्रश्न : रत्नागिरीच्या पावसाळ्यात जुनी मेपलची क्यू सरळ कशी ठेवावी?

उत्तर : भिंतीला तिरकी टेकवून कधीही ठेवू नये, क्यू वाकण्याचे ते सर्वांत सामान्य कारण आहे. दोन भाग वेगळे करून कडक पेटीत ठेवावेत, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या दर काही आठवड्यांनी बदलाव्यात. ओलाव्यापेक्षा त्यातली चढउतार लाकडाला अधिक बाधते, म्हणून वातानुकूलित खोलीतून ओल्या बाल्कनीत किंवा तापलेल्या गाडीत पेटी नेऊ नये. शाफ्ट चिकट झाला तर काचकागद वापरायचा मोह आवरावा, कारण प्रत्येक घासणीत तो बारीक होतो आणि गेलेली जाडी परत येत नाही. किंचित दमट फडक्याने पुसून लगेच कोरड्या चामड्याच्या तुकड्याने चोळले की पुरते. वाक तपासताना जोडलेली क्यू टेबलावर घरंगळवून निर्णय करू नये. दोन्ही भाग वेगवेगळे घरंगळवावेत. ते स्वतंत्रपणे सरळ असतील आणि जोडल्यावरच डोलत असतील, तर दोष जॉइंटच्या तोंडाशी आहे आणि तो कारागीर काढू शकतो. शाफ्टच वाकला असेल तर खेळण्यासाठी त्याच स्क्रूचा नवा शाफ्ट करून घ्यावा आणि जुना तसाच जपून ठेवावा.