रोज तीच व्हाउचरं, तोच कंटाळा

तुझं पत्र दोनदा वाचलं. सांगलीहून पुण्यात आलीस, सीए इंटरचे दोन्ही ग्रुप सुटले, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, सुरू होऊन आठ महिने झाले. सकाळी दहापासून व्हाउचिंग, म्हणजे हिशेबातली प्रत्येक नोंद बिल-पावतीशी ताडून बघायची; महिन्याच्या मध्यावर जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा जीएसटीचा तक्ता, आली की क्लायंटच्या खरेदीशी ती जुळवत बसायचं. रूमवर आल्यावर रात्री एकपर्यंत मोबाइल. रविवारी अंथरुणातून उठवत नाही, हार्मोनियमच्या पेटीला महिनोन्‌महिने हात लावलेला नाही. ‘हे क्षेत्रच माझं नाही का? सोडून एमबीए करू का?’ असं तू विचारतेस.

फक्त या कंटाळ्यापायी सोडू नकोस, असं मी स्पष्टच सांगेन. दोन ग्रुप सुटणं सोपं नसतं, आणि २०२३ पासून आर्टिकलशिप तीनऐवजी दोनच वर्षांची झाली आहे.

आधी व्हाउचिंगचं बघू. तू लिहितेस, ‘बिल बघायचं, टिक करायची, पुढचं घ्यायचं.’ खर्चाची फाईल उघड आणि एकाच माणसाला रोखीने दिलेल्या रकमा शेजारीशेजारी मांड. ९,८००, दुसऱ्या दिवशी ९,७००, परवा पुन्हा ९,९००. प्रत्येक व्हाउचर बरोबर, सही आहे, बिलही आहे. पण धंद्याच्या खर्चापोटी एका दिवसात एका माणसाला रोखीने १०,००० रुपयांपेक्षा जास्त दिले, तर तो खर्च आयकरात सहसा धरला जात नाही, हे तुला ठाऊक आहे. मग या रकमा अशा का पडल्या? की खरंच रोजची मजुरी आहे? ‘दुरुस्ती’ या खात्यात नवा एसी टाकलेला असतो, खरं तर ती दुरुस्ती नव्हे, मालमत्ता; तोही असाच सापडतो. शेकडो साधी व्हाउचरं नजरेखालून गेल्याशिवाय वेगळं व्हाउचर खटकत नाही. फायनलच्या ऑडिटच्या पेपरात जे पाठ करावं लागतं, ते इथे अंगवळणी पडतं.

तरीही तुझा कंटाळा खरा आहे, तो आळस नव्हे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर तासन्‌तास नजर ठेवणाऱ्यांच्या हातून खुणा निसटू लागल्या. त्यावर नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने केलेले प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या अर्ध्या तासातच लक्ष घसरतं, असं त्याला दिसलं. तेव्हा सलग चार तास टिका मारू नकोस. अर्ध्या-पाऊण तासाने काम बदल: बँक रिकन्सिलिएशन (बँकेचं स्टेटमेंट हिशेबाशी जुळवणं) घे, क्लायंटला फोन कर, निदान उठून पाणी पिऊन ये.

वर्षभर एकच काम मिळत असेल तर मात्र सरांशी बोलायला हवं, आणि ते तुलाच करावं लागेल. ‘बोअर होतंय’ म्हणू नकोस. ‘सर, व्हाउचिंग आता मला जमतं. पुढच्या टॅक्स ऑडिटमध्ये शेड्यूल्स (तक्ते) करून बघू का?’ असं विचार. शेवटच्या वर्षात इंडस्ट्रियल ट्रेनिंगची, म्हणजे एखाद्या कंपनीत काम शिकण्याची, सोय असते, त्याचीही आत्ताच चौकशी कर.

आता ऑफिसबाहेरचं. माझ्या मते तुझं जास्त नुकसान तिथे होतंय. दिवसभर आकडे बघून थकलेलं डोकं रात्री मोबाइलकडे वळतं, पण त्यातही एकामागून एक तसंच सरकत राहतं, विसावा मिळत नाही. झोप उशिरा, म्हणून दुसरा दिवस आणखी जड. रूमवर पेटी ठेवायला जागा नाही म्हणतेस, तर जवळपास एखादा क्लास बघ. आठवड्यातून एक संध्याकाळ पुरे. फी भरलेली असली की पाय आपोआप वळतात! रविवारी दुपारचं जेवण मैत्रिणींबरोबर ठरव, म्हणजे उठावंच लागेल.

दोनेक महिने हे करून बघ. काम बदलल्यावरही हिशेबाचा तिटकारा तसाच राहिला, तर मला पुन्हा लिही. तेव्हा एमबीएबद्दल सविस्तर बोलू.

एक गोष्ट मात्र त्याआधीची. पेटी हातात घेऊनही काहीच वाटत नसेल, भूक गेली असेल, रडू येत असेल आणि असं दोन आठवडे टिकलं असेल, तर तो नुसता कंटाळा नसू शकतो. मग वाट न बघता डॉक्टरांकडे जा, आईला सांग. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.